खाल्लेला केक

“काल परत केक खाल्लास ना?”

आईनं चहाचा कप खाली ठेवला आणि वर्गात पकडलेल्या पोरीसारखी मान खाली घातली. “एकच तुकडा गं. कॉफीचा होता, वर बदामाचे काप. मधे थोडा कडवट लागला, पण कडेचं क्रीम म्हणजे अगदी लोणी.”

“वर्णन नको करूस.”

“पाप केलंय, तर नीट कबूल तरी करू दे.”

लेक हसली नाही. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. ऑपरेशन झालं नाही तर आईला नाट्यगृहाचा जिना चढणं जमणार नव्हतं, आणि कपडेपट होता सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथं नटांचे कपडे शिवण्यात आईची सगळी हयात गेली होती. राजाचा अंगरखा आणि भिकाऱ्याचं ठिगळ, दोन्ही सारख्याच मनानं शिवणारी बाई.

घरात पथ्य सुरू होऊन बरेच महिने झाले होते. साखर हद्दपार झाली, तळण बंद झालं. आईची कंबर मात्र होती तिथंच.

“तोंड तेवढं उतरलंय तुझं,” लेक म्हणाली. “बाकी काही हलत नाही.”

“वजन वरूनच उतरतं, जिन्यासारखं. पोचेल खाली.”

“काटा आणू का घरी?”

“काट्यावर चढायला मी काय बटाट्यांचं पोतं आहे?”

काटा आणायचं राहून गेलं. दर वेळी राहूनच जायचं.

ताटलीतलं अर्धं तसंच ठेवून आई उठली. “कालच्या केकनं भूकच मेली बघ.”

“मग खातेस कशाला? स्वतःवर एवढाही ताबा नाही तुझा?”

लेकीचा आवाज जरा जास्तच चढला. का कोण जाणे, बोलणी खाऊन आईला हायसं वाटल्यासारखं दिसलं.

त्या दिवशी लेकीचा शेवटचा पेपर होता. कायद्याचं शेवटचं वर्ष. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिनं शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं, आणि बरोबरीच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा नाव घातलं होतं. “या खेपेला माझ्यामुळे काही अडायला नको,” आई येता-जाता म्हणायची. गुडघ्यांबद्दल बोलतेय, असं कुणालाही वाटलं असतं.

दाराशी लेकीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. मिठी मारायची सवय दोघींची केव्हाच सुटली होती.

“नीट लिही. घाई करू नकोस.”

“आज केक नाही.”

“नाही.”

“शपथ घे.”

“शपथ नको घालूस बाई. मोडली तर आणखी एक पाप.”

पेपर देऊन बाहेर आल्यावर लेकीनं फोन सुरू केला, तर कपडेपटातून फोनावर फोन येऊन गेले होते. आई कामावरच कोसळली होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटातला रोग, कळला तेव्हाच हाताबाहेर गेला होता. “तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यांनी?” लेकीनं नुसती मान हलवली. दोन दिवसांनी, सकाळी, आई गेली.

पुढच्या आठवड्यात बटणमावशी घरी आली. कपडेपटात आईच्या शेजारी बसून ती जन्मभर बटणं लावत होती, म्हणून मालकापासून नटांपर्यंत सगळ्यांची बटणमावशी. कोसळली तेव्हा आईच्या अंगावर असलेले कपडे तिनं पिशवीतून आणले होते.

“पोरी, एक सांगायचंय,” ती म्हणाली. “ते केक तिनं कधी खाल्लेच नाहीत. तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं गं. बेकरीतून आणायची आणि माझ्यापुढे ठेवायची. मी खायचे, आणि ती विचारत बसायची, मधे कसा लागतो, कडेला कसा लागतो. घरी येऊन तुला सांगायला! तिच्यापायी माझं वजन वाढलं बघ.” मावशी हसायला गेली आणि तिला हुंदका फुटला.

लेक नुसती पिशवीकडे बघत होती. धक्का बसलाय, असं मावशीला वाटलं.

“वजन का उतरत नाही, त्याला काहीतरी कारण नको का दाखवायला?” मावशीनं पिशवीतून एक जाड बंडी काढली. ढेरपोट्या सावकाराचं काम करणाऱ्या नटाला घालतात तशी, पोटाशी, कमरेशी, पाठीशी कापूस भरून शिवलेली. “कपड्यांच्या आत ही घालायची. ती झिजेल तसतसा कापूस वाढवायची. शेवटी शेवटी आत नुसता सापळा उरला होता. मला शपथ घातलेली. लेकीला कळलं तर परत शिक्षण सोडेल, म्हणायची.”

बोलता बोलता मावशी थबकली. बंडीचा डावा खांदा तिनं डोळ्यांजवळ नेला.

“ही शिवण तिची नाही,” ती म्हणाली. “माझीही नाही. टाके तरी बघ, शिकाऊ हाताचे. दुसऱ्याचा वाकडा टाका तिला बघवायचा नाही, माझेसुद्धा उसवून टाकायची. मग हा कसा राहू दिला तिनं?”

लेकीनं बंडी मांडीवर पसरली. त्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

“आई, मला माहीत होतं,” ती मोठ्यानं म्हणाली. “पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी ही न्हाणीघरात वाळत घातलेली दिसली. खांदा उसवला होता. मीच शिवून परत तिथं ठेवली, आणि पेपरला गेले.”