काकूंचं बोट

रस्त्याच्या कडेला येताच शर्वीनं आईचा हात सोडून पाळणाघरातल्या काकूंचं बोट धरलं.

“अगं, आज जुन्या आग्रा रोडवर उत्सव आहे. गाड्या बंद आहेत, एकटी पळालीस तरी चालेल,” आई म्हणाली. पलीकडे सजवलेल्या ट्रकमधून मुलांना फुकट कुल्फी वाटत होते.

“रस्ता ओलांडताना काकूंचंच बोट धरायचं,” शर्वीनं बजावलं.

काकू ओशाळल्या. “रोजची सवय हो, ताई. मनाला लावून घेऊ नका.”

ते ‘रोजची’च आईला फार झोंबलं.

शर्वीनं मोकळा हात मागे केला. “आई, तू माझं बोट धर. तू घाबरतेस ना गाड्यांना.”

आईनं ते घट्ट धरलं. पण पलीकडे पोहोचेपर्यंत ती काकूंच्या बोटाभोवतीची चिमुकली मूठ जराशी सैल होतेय का, तेच बघत राहिली.