बरं, बरं

मिनेसोटातल्या एका म्युझियममध्ये देवांग लोकांना रोमन सरहद्दीची गॅलरी दाखवत होता. काचेत ब्राँझचा मुखवटा होता. चेहरा रोमन, पण तो घालणारा स्वार परमुलखातला, रोमनांच्या चाकरीतला.

"परक्यांची भाषा ग्रीकांना नुसती 'बर-बर' ऐकू यायची," देवांग इंग्रजीत म्हणाला. "त्यावरून बार्बेरियन. रोमनांनी तोच शब्द उचलला."

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "बरं, बरं! ठेवते आता." पुण्याहून आलेली त्याची आई फोनवर बोलत होती.

सगळे खो खो हसले. देवांगही हसला. "मॅम, फोन बाहेर, प्लीज," ओळखदेख नसल्यासारखा तो म्हणाला. पोटच्या पोराने मॅम म्हटलं! आई फोन पर्समध्ये टाकून निघून गेली.

मग काचेआडून हळूच आलं, "बरं, बरं."

देवांग दचकला. मुखवट्याचे ओठ मिटलेलेच होते. बाकी कुणी मानही वळवली नाही.

टूर कशीबशी आटपून तो लॉबीत धावला. आई बाकावर बसली होती.

"आई, सॉरी गं."

आई बोलू लागली. आधी रागाने, मग डोळे पुसत, बराच वेळ बोलली. देवांग तिच्या ओठांकडे बघत राहिला. त्याच्या कानांवर नुसतं बर-बर, बर-बर येत होतं.