पत्त्यांच्या पाठी

योगेंद्रच्या साठ पत्त्यांपैकी एकाच पत्त्याच्या पाठीवर मुगाएवढा पिवळा डाग होता.

ट्रेडिंग कार्ड, म्हणजे जमवलेल्या चित्रपत्त्यांचा डाव, खेळणाऱ्या निवडक व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा टोकियोत होती. तिचा नियम स्पष्ट होता: पाठीवरून पत्ता ओळखता येऊ नये म्हणून सगळ्या पत्त्यांच्या पाठी सारख्या दिसल्या पाहिजेत. पंचांनी डाग भिंगाखाली पाहिला आणि पहिल्या फेरीआधीच त्याला बाद केले. कित्येक वर्षांच्या खेळानंतर आलेले पहिले निमंत्रण तिथेच संपले.

हॉटेलच्या खोलीत त्याने एकेक शक्यता तपासली. पत्त्यांवरची पारदर्शक प्लास्टिकची पाकिटे कोरी होती, डबी निळी होती, आणि गावाहून, पवनीहून, निघाल्यापासून ती त्याने उघडलीच नव्हती. राग यायला हवा होता; तो आला नाही. तेवढ्यात आईचा, शेवंताबाईंचा, फोन आला.

"जितला का बाबू?"

"खेळूच देलं नाही, आई. एका पत्त्याले पिवळा डाग निघाला."





"माहीच चुकी हाय बाबू. तू निघाला तवा देवापुढं घाईघाईत एकाच पत्त्याले हळदीचं बोट लावलं मी. साऱ्यायले लावाले पायजे होतं."