आईचं माहेरचं नाव

"नागरिक नसलात तरी खातं उघडता येतं," टोरांटोच्या बँकेतली मुलगी झमरायला म्हणाली. "आता फक्त ओळख पटवण्यासाठी आईचं माहेरचं नाव सांगा."

झमराय लालबुंद झाला. "आम्ही अफगाण परक्यासमोर आईचं नाव घेत नाही. वडिलांचं विचारा, पणजोबांपर्यंत सांगतो."

शेजारी बसलेली त्याची धाकटी बहीण पलवशा पुढे वाकली. "दुरखानई," तिने सांगून टाकलं.

"लाज नाही वाटत? आई कबरीत तळमळेल!"

"कबरीवरसुद्धा तू 'झमरायची आई' एवढंच लिहिलंस, लाला," ती थोरल्या भावाला म्हणाली. "भूकंपात घर पडलं तेव्हा गल्लीभर सगळेच 'आई, आई' ओरडत होते. शोधायला आलेले लोक तुला म्हणाले, तिचं नाव सांग, नावाने हाक मारतो. तू म्हणालास, माझी आई आहे, तेवढं पुरे."

"तुला काय आठवणार? एवढीशी होतीस तू."

"एवढीशी होते म्हणूनच ढिगाऱ्याखाली तिच्या कुशीत मावले ना," पलवशा म्हणाली. "आम्ही दोघी ऐकत होतो."