चार दिवस वर

पहाटे कोंबडा आरवायच्या आधीच सुभद्रानं सुनेला हलवून उठवलं. "रागिणी, ऊठ. पह्यली लघवी वाया जाऊ देऊ नको," ती कानाशी कुजबुजली आणि प्लास्टिकची वाटी तिच्या हातात दिली.

रागिणीनं कशाला म्हणून विचारलं नाही. वाटी घेऊन ती न्हाणीत गेली.

किशोरची तेरवी कालच झाली होती. कपाशीवर फवारणी करता करता त्याला गरगरलं, म्हणून तो वावराच्या धुऱ्यावर, बांधाला टेकून बसला. चौथ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला. लग्नाला अवघे चौदा महिने झाले होते. रागिणीचे वडील महादेवराव लेकीला माहेरी, अंजनगावला न्यायला आले होते आणि ओसरीवर निजले होते. साडेनऊची एसटी होती.

दहाव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, पण सुभद्राच्या एकटीच्याच ध्यानात आलं की आज सुनेनं बाजूला बसायला हवं होतं. चौदा महिन्यांत तिची तारीख कधी हुकली नव्हती. ती मात्र बायकांच्या मधोमध बसून होती आणि येईल ती बाई तिला कवटाळून रडत होती. त्या दिवसापासून सुभद्रा रोज सकाळी सुनेचं तोंड बघायची. पोराची राख निवली नाही आणि आपण हे काय मोजत बसलो, म्हणून स्वतःलाच बोल लावायची. तरी मन ऐकत नव्हतं.

काल पंगत उठल्यावर तिनं गावातल्या आशा सेविकेला, माणिकबाईला, गोठ्यामागं गाठलं होतं.

"किती दिवस वर गेले?" माणिकबाईनं विचारलं.

"आज तीन. उद्या सकाळी चार."

"मंग अजून आठवडाभर थांबा ना, काकू. लवकर केलं तं पोट असूनबी कार्ड नाई म्हणते. अन् असं दुःख पडलं का पाळी लांबतेबी. लय आस नका धरू."

"आठवडा कुठून आणू? पोरगी उद्या चालली," सुभद्रा म्हणाली. माणिकबाईनं मग पिशवीतून लघवी तपासायचं एक कार्ड काढून दिलं.

रागिणी पदराखाली वाटी धरून आली. दोघी चुलीजवळ बल्बच्या उजेडात बसल्या. सुभद्रानं कार्डाचं पाकीट फाडायला त्याचा कोपरा दातांत धरला.

"आई, दोन रेघा आल्या तं?"

सुभद्राला वाटलं होतं, पोरगी एका रेघेचं विचारेल. तिनं पाकीट तोंडातून काढलं. "तं तू राह्यशीन. तुया बाबाले मी सांगते समजावून."

रागिणी वाटीकडं बघत राहिली. तिचे हात मांडीवर होते, बांगड्यांवाचून बारीक दिसणारे.

"मले पाह्यजे, आई," ती म्हणाली. "त्याईचं काईतरी पाह्यजेच मले. देवाजवळ तेच मागून राह्यली. पण मले बाबासंग जायचंबी हाय. इथं सांज झाली का मी वावराच्या वाटेकडंच पाहत बसते. असं किती दिवस बसू?"

गेले चार दिवस सुभद्रा मनात एक लेकरू बघत होती. किशोरसारखं रुंद कपाळ, चालताना डावा पाय जरासा आत. ते अंगणात कोंबड्यांमागं धावायचं, आजोबाच्या, तिच्या नवऱ्याच्या, सूर्यभानच्या खांद्यावर बसून वावरात जायचं, तिच्या ताटात जेवायचं. त्या अंगणात रागिणी कुठंच नव्हती. हे तिला आत्ता, पोरीच्या तोंडाकडं बघताना, ध्यानात आलं. पोरगी बावीस वर्षांची होती.

बाहेर महादेवराव खोकले. सूर्यभाननं त्यांना तोंड धुवायला पाणी काढून दिलं.

"वाटी ओतून दे मोरीत," सुभद्रा म्हणाली. पाकीट तिनं फाडलं नाही. रागिणीची पिशवी उघडून दोन लुगड्यांच्या घडीत सरकवून दिलं. "चार दिवसांत काई खरं समजत नाई. अजून आठ दिवस थांबजो. मंग सकाळीच पाह्यजो, तुया मायजवळ बसून."

रागिणीनं तिच्याकडं बघितलं. मग पहिल्यांदाच, तेरा दिवसांत पहिल्यांदाच, ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

साडेनऊला चौघं फाट्यावर उभी होती. एसटी आली. महादेवरावांनी व्याह्यांना हात जोडले, पिशवी घेऊन वर चढले आणि लेकीसाठी खिडकीजवळची जागा धरली. रागिणी पाया पडायला वाकली तशी सुभद्रानं तिला वर उठवून जवळ घेतलं.

"दोन आल्या तं लगेच फोन करजो. मी फोन जवळच ठेवीन."

"अन् एकच आली तं?"

कंडक्टरनं घंटी मारली. सुभद्रानं सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तं नको करू," ती म्हणाली. "मी आपली समजीन, तुयं पाह्यचंच राह्यलं."