अंबूबाईचा अंगठा

बाई दर बुधवारी येते, शेजारी खुर्ची टाकून दोन तास बसते आणि एका गोष्टीचं सरळ उत्तर देत नाही, ही अंबूबाईची तक्रार होती. काहीही विचारा, ही उलटं विचारणार. मघाशी अंबूबाईनं साधं विचारलं, चहात साखर किती घालू? तर म्हणे, "आजी, तुम्हाला किती योग्य वाटते?"

"मला योग्य वाटती ती तुझ्या घशाखाली उतरायची न्हाई," अंबूबाई म्हणाली आणि आपल्यासारखाच बिनसाखरेचा चहा तिच्या हातात दिला. ग्लास वाफाळत होता. बाईनं तो रुमालात धरला. अंबूबाईनं आपला नुसत्या हातात.

भोसरीतली ती शेड नवरा गेल्यावर अंबूबाईनं एकटीनं उभी ठेवली होती. आठ मशिनी, चौदा माणसं. चाकणच्या कंपन्यांना इथून शाफ्ट जायचे. आता कारभार मुलाकडं, गणराजकडं होता, आणि त्यानंच ही स्वरूपा म्हणून कोच आणली होती. माणसं घडवायला. म्हणजे मुख्यतः समर्थला. समर्थ उदगीरचा, नऊ वर्षं लेथवर. त्याला दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर करायचं चाललं होतं. स्वरूपाचं म्हणणं, त्यानं आधी स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला शिकलं पाहिजे.

त्याच्या आड येत होती दारातली अंबूबाईची खुर्ची. मालकांच्या काळापासूनची रीत होती. शिफ्टचा पहिला नग मशिनीवरून उतरला की आधी अंबूबाईकडं जायचा. तिला आकडा वाचता येत नव्हता. ती नगावरून सावकाश अंगठा फिरवायची, मान हलवली तर मशीन चालू, नाही हलवली तर परत माप. आजवर तिनं थांबवलेला एकही नग बरोबर निघाला नव्हता. अख्ख्या गल्लीत त्या अंगठ्याचं नाव होतं.

दोनची शिफ्ट लागली. गणराज आईकडं न बघता म्हणाला, "आजपासून पहिला नग समर्थच पास करणार. आई, तू आता घरी आराम कर. खुर्चीपण टेम्पोतून पाठवून देतो."

"जाते की. एवढा एक बघते न् उठते."

समर्थनं शाफ्ट उतरवला, तिथंच मायक्रोमीटर लावला आणि नग आणून तिच्या हातात दिला. स्वरूपा डायरी उघडून शेजारीच उभी होती. अंबूबाईनं अंगठा फिरवला. नेहमीसारखा, सावकाश.

"तुझं काय म्हणणं?"

"ओके आहे, आजी. चारशे नग लावतो."

"ठेव टेबलावर. आधी च्या पी. मग परत माप."

गणराजनं कपाळाला हात लावला. स्वरूपानं डायरीत काहीतरी लिहिलं. समर्थनं मुकाट्यानं चहा संपवला, परत माप घेतलं. मग आणखी एकदा घेतलं. त्याचा चेहरा उतरला.

"कमी भरतोय," तो म्हणाला. "मघाशी गरम होता."

गरम लोखंड फुगतं, निवलं की आकसतं. लेथवर पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. समर्थनं स्वतः किती जणांना शिकवलं होतं. ते चारशे नग लागले असते तर सगळे भंगारात आणि त्याची सुपरवायझरीही त्यांच्याबरोबर.

"घ्या," शेजारच्या मशिनीवरून म्हातारा हनीफ म्हणाला. "मायक्रोमीटर विकून टाका, भाऊ. अंगठा ठेवा."

माणसं हसली. गणराजही हसला, जरा ओशाळून. "आईच्या अंगठ्याला गरम कळलं, आपल्याला नाही. खुर्ची राहू दे, आई. इथंच राहू दे."

अंबूबाईनं पदर सारखा केला आणि खुर्चीत रेलून बसली. आता गप्प बसली असती तर मरेपर्यंत तिला कुणी तिथून उठवलं नसतं. पण स्वरूपा जवळ आली, खुर्चीपाशी उकिडवी बसली आणि विचारलं, "आजी, अंगठ्याला नेमकं काय जाणवलं?"

चार बुधवारांत पहिल्यांदाच बाईला खरोखर काहीतरी ऐकायचं होतं. अंबूबाईला ते कळलं.

"काय न्हाई जाणवलं."

"म्हणजे?"

"साखरेच्या दुखण्यानं दोनी अंगठे मेलेत माझे. तीन वर्सं झाली. निखारा ठेव, कळायचं न्हाई."

हनीफनं मशीन बंद केली. गणराज आईच्या हातांकडं बघत राहिला.

"नग कोण बघतंय? अंगठा फिरवस्तवर मी देणाऱ्याचं तोंड बघते. खात्री असली की माणूस आपल्या नगाकडं बघून बोलतो. नसली की माझ्याकडं बघतो, मग मी थांबवते. आज ह्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई, नगाकडं न्हाई. ओके म्हणताना तुझ्या डायरीकडं बघत हुता."

समर्थनं मान खाली घातली. अंबूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि खुर्ची पायानं गणराजकडं सरकवली.

"माझी खुर्ची न्या घरी खुशाल," ती स्वरूपाला म्हणाली. "पण बाई, तुझीबी उचल."