किती जणांनी धरलंय

प्रोग्रॅम चालवणारा इंटरप्रिटर मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकावता यावं म्हणून मी डीबगरसाठी, म्हणजे चुका शोधायच्या साधनासाठी, एक कमांड लिहिली. मेमरीतली एखादी गोष्ट किती जणांनी धरून ठेवलीय, तेवढंच ती सांगते. चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये मी सवयीने माझंच घरचं नाव टाकलं, चिमी.

उत्तर आलं, एक. तो प्रोग्रॅम स्वतः. बरोबर होतं.

सहज पुन्हा चालवली. दोन.

प्रोग्रॅम तर थांबलेला, त्यात हलणार कोण? मला समोरच्या बापूचाच संशय आला. ऑफिसातल्या असल्या खोड्या त्याच्याच.

"बापू, माझ्या मशीनमध्ये घुसलायस ना?"

"आई शप्पथ, नाही गं."

मी नेटवर्कची वायर उपसली आणि त्याच्या हातांवर नजर ठेवून कमांड दिली. तीन.

"कमांडच गंडलीय तुझी," म्हणत बापू उठून माझ्यामागे आला आणि खांद्यावर हात ठेवून स्क्रीनकडे वाकला. "दे बघू परत."

दिली. चार.

"बापू, हात काढ."

त्याने चटकन काढला. मी कमांड दिली. तीन.

माझे खांदे मात्र हलके झाले नाहीत, दोन्हीही.